शिखराला इंग्रजीत दहा नावं: कुठलं कुठे लावायचं

सिंहस्थ जसजसा जवळ येतोय, तसतसं नाशिकमध्ये इंग्रजी मजकुराचं पेव फुटलंय. होमस्टेवाल्याला बुकिंगच्या साइटवर वर्णन टाकायचंय, ट्रेक नेणाऱ्या पोरांना पोस्टर करायचंय, गंगापूर रोडकडच्या वाईन टूरवाल्यांना माहितीपत्रक हवंय. असे मजकूर तपासून देणं हे माझं काम. लाल पेन सगळ्यात जास्त कुठे चालत असेल, तर ‘सर्वोच्च’ म्हणायच्या जागी. लोक थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, उघडतात आणि त्यातला दिसायला भारी शब्द उचलतात. मग काळाराम मंदिराचं ‘पीक’ होतं, अंजनेरीच्या डोंगराचं ‘झेनिथ’ होतं आणि वाईन टूरचा ‘क्लायमॅक्स’ होतो.

मराठीत आपण असं करत नाही. देवळाला कळस, झाडाला शेंडा, डोंगराला माथा, कोंबड्याला तुरा. ‘झाडाचा कळस’ म्हणणारा माणूस अजून भेटायचाय. इंग्रजीतही हे शब्द असेच जागा ठरवून बसलेत. फक्त ती जागा कोणी आपल्याला शाळेत सांगितलेली नसते. मीही मराठी माध्यमातलीच. वाचता वाचता, वाक्यं उतरवून घेत हे शब्द एकेक करून सुटे करावे लागले. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हा क्रम.

आधी जवळ काय ठेवायचं

- शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश, ज्याला लर्नर्स डिक्शनरी म्हणतात. मोबाइलवर फुकट मिळतो. त्यातला अर्थ कमी वाचा, उदाहरणाची वाक्यं जास्त वाचा.
- कलोकेशनचा कोश, म्हणजे कुठल्या शब्दाशेजारी कुठला शब्द बसतो ते सांगणारा.
- थिसॉरस. नावं आठवायला ठीक, निवडायला नाही.
- एक वही. प्रत्येक शब्दाला एक पान, पानावर सापडलेली खरी वाक्यं.

इंग्रजी-मराठी कोश या कामापुरता बाजूला ठेवलात तरी चालेल. तिथे दहाच्या दहा शब्दांपुढे ‘शिखर, कळस, परमोच्च बिंदू’ एवढंच लिहिलेलं असतं. छापील कोश चाळायची आवड असेल तर नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसा. 1840 सालापासूनची संस्था आहे आणि मोबाइलवर एका शब्दावरून दुसऱ्याकडे भरकटायला होतं तसं तिथे होत नाही.

1. खरोखरचा डोंगर आहे का, ते बघा

नाशिककरांसाठी ही पायरी सगळ्यात सोपी, कारण नमुने खिडकीतून दिसतात. इथे तीन शब्द लागतात: ‘पीक’, ‘समिट’ आणि ‘पिनॅकल’.

‘पीक’ लांबून दिसतं. आकाशात घुसलेला टोकदार आकार, आणि कित्येकदा तो अख्खा डोंगरच. म्हणून कळसूबाई हे 1646 मीटरचं, महाराष्ट्रातलं सर्वात उंच ‘पीक’. सप्तशृंगीच्या नावातली सात शृंगं म्हणजे सात ‘पीक्स’. मांगी-तुंगी म्हणजे जोड ‘पीक्स’.

‘समिट’वर पाय ठेवता येतो. डोंगराची ती नेमकी सर्वात उंच जागा, जिथून आणखी वर जायला काही उरत नाही. कळसूबाईचं देऊळ ‘समिट’वर आहे. बारी गावातून शिड्या चढून तुम्ही पोचता ते ‘समिट’वर. साल्हेरच्या 1567 मीटरच्या माथ्यावर परशुरामाचं मंदिर आहे, तेही ‘समिट’. 2025 मध्ये साल्हेरचं नाव जागतिक वारशाच्या यादीत लागल्यापासून बाहेरचे लोक गडाबद्दल इंग्रजीत शोधून वाचतात, तेव्हा पत्रकात एवढा फरक तरी पाळा: लांबून फोटो काढलात तो ‘पीक’चा, वर उभं राहून काढलात तो ‘समिट’वरून.

‘समिट’मध्ये चढणाऱ्याचे कष्ट आपोआप येतात. गिर्यारोहक तर त्याचं क्रियापदच करतात, ‘वी समिटेड ॲट सिक्स’. ‘पीक’चं तसं होत नाही. डोंगरावर पोचलात म्हणून ‘वी पीक्ड’ लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटेल तुमचे चांगले दिवस संपले. त्यावर पुढच्या पायरीत बोलू.

‘पिनॅकल’ म्हणजे आपला सुळका. कातळ चढणाऱ्यांच्या बोलण्यात हे दोन शब्द अदलाबदलीने येतात. मनमाडजवळची हडबीची शेंडी रेल्वेतून दिसते, अंगठा वर केल्यासारखी; ते ‘पिनॅकल’. अरुंद, एकटं, वर दोघांना धड उभं राहता येणार नाही असं. हा एकटेपणा लक्षात ठेवा, पाचव्या पायरीत तो कामाला येतो.

अंजनेरीसारख्या सपाट, पसरलेल्या माथ्याला मात्र यातलं काहीच नेमकं बसत नाही. तिथे सरळ ‘प्लॅटो’ लिहा. ‘समिट’ लिहायचंच असेल तर त्या पठारावरच्या सर्वात उंच जागेपुरतं.

खड्डा: ‘टॉपमोस्ट पीक पॉइंट’. आपल्याकडच्या दर तिसऱ्या ट्रेक पोस्टरवर हे असतं. तीन शब्दांत एकच गोष्ट तीनदा. ‘समिट’ म्हटलंत की झालं.

आणखी एक खड्डा देवळांचा, आणि नाशिकमध्ये तो टाळता येणारच नाही. देवळाचं शिखर म्हणजे गाभाऱ्यावरचा अख्खा मनोरा. त्याला इंग्रजीत ‘पीक’ही नाही आणि ‘समिट’ही नाही. वास्तुकलेवर लिहिणारे ‘शिखरा’ हाच शब्द ठेवतात, किंवा ‘स्पायर’, ‘टॉवर’ म्हणतात. त्यावरचा कळस तो ‘फिनियल’. ‘पिनॅकल’ हा शब्द वास्तुकलेत आहे खरा, पण तो युरोपातल्या चर्चच्या भिंतींवर उभ्या केलेल्या छोट्या टोकदार मनोऱ्यांसाठी. गाइडचं काम करणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

जाता जाता: देशांच्या प्रमुखांच्या बैठकीला ‘समिट’ म्हणायची रीत चर्चिलच्या 1950 मधल्या भाषणापासून रुळली. आपण त्यावरून शिखर परिषद हा शब्द केला. त्यात कल्पना अशी की सगळ्यात वर बसलेले लोकच एकमेकांना भेटताहेत. हल्ली एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये पंचवीस खुर्च्या मांडल्या तरी ‘बिझनेस समिट’ होते. छापायला हरकत नाही, पण वाचणारा मनात हसतो.

2. वर गेलेलं खाली येणार आहे का, ते विचारा

आकडे, दर, गर्दी, पाऊस, विजेची मागणी: जे जे आलेखावर चढतं आणि उतरतं, तिथे ‘पीक’. सकाळी द्वारका चौकात जे होतं ते ‘पीक अवर’. लासलगावला कांद्याचा भाव चढत जाऊन एका दिवशी सगळ्यात वर टेकला आणि मग आवक वाढून घसरला, तर तो दिवस भावाचा ‘पीक’. हॉटेलचे दर ‘पीक सीझन’ आणि ‘ऑफ-पीक’ असे असतात. या शब्दात उतार गृहीत धरलेला आहे. ‘द प्राइस हॅज पीक्ड’ याचा अर्थ भाव वर गेला एवढाच नाही. आता तो यापुढे जायचा नाही, उतरणार, असा आहे. कांदा चाळीत भरून बसलेल्याला ही बातमी आहे.

म्हणून नोकरीच्या अर्जात ‘आय ॲम ॲट द पीक ऑफ माय करिअर’ लिहू नका. समोरचा मनात म्हणतो, म्हणजे यापुढे घसरणच की! खेळाडूला ‘ही हॅज पीक्ड’ म्हणणं ही शाबासकी नाही, टोमणा आहे. नव्या पोरांच्या बोलीत ‘पीक कॉमेडी’ वगैरे चालतं, तो वेगळा मामला, छापील मजकुरात आणू नका.

याच घरातला दुसरा शब्द ‘क्रेस्ट’. मुळात तुरा. लाटेचा माथा, टेकडीची धार, पुराची सर्वात वरची पातळी. ‘पीक’ आलेखावर गोठलेला असतो, ‘क्रेस्ट’ पुढे सरकत असतो. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की नाशिककर क्युसेकचे आकडे ऐकून घेतात, पण विचारतात ते एकच: गोदापात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं? गुडघा, कंबर, छाती, गळा. धरणातून सुटलेल्या पाण्याचा सर्वात मोठा आकडा हा विसर्गाचा ‘पीक’. मारुतीजवळ पाणी सर्वात वर टेकून ओसरायला लागलं, तो तिथला ‘क्रेस्ट’. तोच ‘क्रेस्ट’ मग सायखेड्याकडे, नांदूरमध्यमेश्वरकडे सरकतो, आणि तिथल्या लोकांची झोप उडते तेव्हा इकडे रामकुंडावर गाळ काढायला सुरुवात झालेली असते. इंग्रजी बातमीत ‘द रिव्हर क्रेस्टेड’ वाचलंत तर समजा की त्या गावापुरता धोका उतरणीला लागला.

‘पीक’च्या स्पेलिंगचा खड्डा मोठा आहे. उच्चार एकच, शब्द तीन. शिखराच्या स्पेलिंगमध्ये ‘ई’नंतर ‘ए’ येतो. डोकावून बघण्याच्या ‘पीक’मध्ये दोन ‘ई’. कुतूहल चाळवण्याचा ‘पीक’ ‘क्यू’ने लिहितात. चित्रपटाची झलक देताना ‘स्नीक पीक’ मध्ये शिखराचं स्पेलिंग टाकणारे थोडेथोडके नाहीत. स्पेलचेक हे पकडत नाही, कारण तिन्ही शब्द कोशात आहेत.

3. डोक्यावर आहे का? मग ‘झेनिथ’

‘झेनिथ’ अरबीतून आलाय. मूळ शब्दप्रयोगाचा अर्थ ‘डोक्यावरची वाट’. तुम्ही उभे आहात तिथून सरळ वर, आकाशातला जो बिंदू तो ‘झेनिथ’. त्याच्या उलट, पायाखाली सरळ रेषेत, तो ‘नादिर’, तोही अरबीच.

अर्थ पक्का करायचा तर नाशिकएवढी सोयीची जागा नाही. आपण साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहोत. त्यामुळे 20 मेच्या आसपास, आणि पुन्हा 23-24 जुलैच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. जुलैत ढग दाखवू देत नाहीत, पण मेमध्ये गच्चीत पाण्याची उभी बाटली ठेवून बघा: सावली बाटलीच्या बुडाखाली जाते. तेव्हा सूर्य ‘झेनिथ’वर. डिसेंबरात मात्र भर दुपारीही तो क्षितिजापासून साधारण 47 अंशांच्या पुढे चढत नाही. म्हणजे ‘दुपारचा सूर्य’ आणि ‘झेनिथ’ ही एक गोष्ट नव्हे.

आता लाक्षणिक वापर. सत्ता, कीर्ती, वैभव, प्रभाव यांना ‘झेनिथ’ शोभतो. सगळीकडे ज्याचा प्रकाश पडतोय असं काहीतरी. 1758 मध्ये मराठे अटकेपर्यंत पोचले, तेव्हा मराठी सत्ता ‘ॲट इट्स झेनिथ’ होती असं इतिहासाच्या पुस्तकी इंग्रजीत सहज लिहितात. डोंगराला तो लावत नाहीत. अंजनेरीचं ‘झेनिथ’ म्हणजे अंजनेरीवर उभं राहिल्यावर डोक्यावरचं आकाश!

‘ॲपोजी’ही आकाशातलाच, पण त्याचा उंचीशी संबंध कमी आणि अंतराशी जास्त. चंद्र पृथ्वीपासून सर्वात लांब जातो, सुमारे 4 लाख 5 हजार किलोमीटरवर, तो बिंदू ‘ॲपोजी’. साहित्यात कधीतरी ‘वैभवाचा कळस’ अशा अर्थाने भेटतो. वाचताना ओळखा, लिहिताना सोडून द्या.

4. गोष्ट आहे की वाटचाल?

‘क्लायमॅक्स’ आपण मराठीत इतका वापरतो की तो आपलाच वाटतो, आणि तिथेच फसतो. ग्रीकमध्ये हा शब्द शिडीचा. एकावर एक पायरी चढत ताण वाढत जातो आणि जिथे तो सर्वात जास्त होतो ती जागा ‘क्लायमॅक्स’. त्याला गोष्ट लागते, ताण लागतो. नाटक, सामना, खटला, निवडणुकीची रात्र चालेल. डोंगर, पगार, हुद्दा चालणार नाही. आणि ‘क्लायमॅक्स’ म्हणजे शेवटही नव्हे, त्यानंतर गाठी सुटायच्या बाकी असतात.

खड्डा जरा नाजूक आहे. या शब्दाला लैंगिक अर्थही आहे आणि इंग्रजी वाचणाऱ्याला तो लगेच आठवतो. ‘द क्लायमॅक्स ऑफ अवर वाईन टूर’ असं छापलेलं पत्रक मी थांबवलंय. तिथे ‘हायलाइट’ लिहा आणि मोकळे व्हा.

‘कल्मिनेशन’मध्ये ताण नसतो, वाटचाल असते. खगोलशास्त्रात एखादा तारा रोज आपल्या वाटेवर जिथे सर्वात वर पोचतो त्याला ‘कल्मिनेशन’ म्हणतात. डिसेंबरातला दुपारचा सूर्य ‘झेनिथ’वर नसतो, पण त्याचं ‘कल्मिनेशन’ मात्र झालेलं असतं. व्यवहारात, बरेच दिवस चाललेल्या कामाची जिथे पूर्तता होते ती जागा. मागे वाटचाल नसेल तर हा शब्द पोकळ वाजतो.

सिंहस्थावर लिहिताना तीन शब्द शेजारी शेजारी लागतात. पर्वणीच्या दिवशी रामकुंडाच्या वाटेवर गर्दी ज्या तासाला सर्वात जास्त असते, तो गर्दीचा ‘पीक’. आखाड्यांची, पालिकेची, पोलिसांची वर्षानुवर्षांची तयारी ज्या स्नानात फळाला येते, ते ‘कल्मिनेशन’. आणि ‘क्लायमॅक्स’? तो नकोच. धार्मिक सोहळ्याला तो नाटकी दिसतो.

5. हुद्दा, गुण आणि अवगुण

‘एपेक्स’ला उतरंड लागते, खाली रुंद आणि वर टोक. म्हणून वर्तमानपत्रात सर्वोच्च न्यायालय ‘एपेक्स कोर्ट’. राज्य सहकारी बँकेला आपण शिखर बँक म्हणतो ती ‘एपेक्स बँक’: खाली गावची सोसायटी, मध्ये जिल्हा बँक, वर ही. वाघ नसलेल्या आपल्या उसाच्या पट्ट्यात ‘एपेक्स प्रिडेटर’ बिबट्या.

पण ‘एपेक्स’ वरच असतो असं नाही, आणि ही गंमत मला फार आवडते. हृदयाचा ‘एपेक्स’ खाली असतो, डावीकडे झुकलेला. वरच्या रुंद भागाला डॉक्टर ‘बेस’ म्हणतात. दातांच्या डॉक्टरला ‘एपेक्स’ म्हणजे मुळाचं टोक. तेव्हा या शब्दाचा जीव निमुळत्या टोकात आहे, उंचीत नाही. भूमितीत त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांना ‘व्हर्टेक्स’ म्हणतात. पायासमोरचा जो, तोच ‘एपेक्स’.

‘पिनॅकल’ यशाला, कीर्तीला, कारागिरीला. सुळक्यावर एकालाच जागा, तसंच इथेही. ‘वन ऑफ द पिनॅकल्स ऑफ हिज करिअर’ म्हणजे शब्दाचा दमच काढून घेणं. एकच निवडा.

‘ॲक्मी’ गुणाच्या परिपूर्णतेला, ‘द ॲक्मी ऑफ परफेक्शन’ वगैरे. पुस्तकी आहे. माझं मत विचाराल तर परीक्षेबाहेर त्याची गरज पडत नाही.

‘हाइट’ मात्र हातचा सोडू नका. तो चांगल्याला लागतो, ऋतूला लागतो, आणि वाइटालाही लागतो. ‘निर्लज्जपणाचा कळस’ इंग्रजीत न्यायचा असेल तर ‘हाइट’. ‘द हाइट ऑफ फॉली’, ‘द हाइट ऑफ ॲरोगन्स’, ‘द हाइट ऑफ समर’. तिथे ‘झेनिथ’ किंवा ‘समिट’ घातलात तर मूर्खपणाचा सत्कार केल्यासारखं होतं. कॉलेजरोडवरची पोरं ‘हाइट आहे राव!’ म्हणतात, ती नकळत बरोबर आहेत.

आणि काहीच सुचेना, तर ‘टॉप’. साधा आहे, कुठेही बसतो, कोणी हसत नाही.

6. शेजारचे शब्द तपासा

शब्द बरोबर निवडून लोक शेजाऱ्यात चुकतात. ‘ॲट द पीक ऑफ’, ‘ॲट इट्स झेनिथ’, ‘ॲट द हाइट ऑफ’, ‘ॲट द पिनॅकल ऑफ’. ‘समिट’ला ‘ॲट’ही चालतं, ‘ऑन’ही. ‘कल्मिनेट’नंतर बहुतेक वेळा ‘इन’ येतं. ‘हाइट’च्या आधीचा ‘द’ विसरू नका, तो गळला की वाक्य मराठीतून ओढून आणल्यासारखं दिसतं. शंका आली तर कलोकेशनचा कोश उघडा, अंदाजावर सोडू नका.

7. परीक्षेसाठी वेगळा नियम

स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांनो, वरचं सगळं पेपरात विसरा. समानार्थी शब्दांच्या प्रश्नात ‘झेनिथ’, ‘ॲक्मी’, ‘एपेक्स’, ‘पिनॅकल’, ‘समिट’ हे सगळे एकमेकांचे भाऊ आहेत, आणि विरुद्धार्थी म्हणून ‘नादिर’ किंवा ‘बेस’ येतो. पर्यायात त्यातला एक दिसला की खूण करा आणि पुढे जा. सूक्ष्म फरकावर वेळ घालवू नका. फरक लागतो तो निबंधात आणि रिकाम्या जागा भरताना. तिथे आधी शेजारचा शब्द वाचा: ‘कोर्ट’ असेल तर ‘एपेक्स’, ‘फॉली’ असेल तर ‘हाइट’, ‘अवर’ असेल तर ‘पीक’.

मुलाखतीत उच्चारही ऐकले जातात. ‘अपेक्स’ नाही, ‘एपेक्स’. ‘ॲक्मी’ दोनच अक्षरांत संपतो, शेवटी ‘मी’. ‘झेनिथ’ ब्रिटिश पद्धतीने, ‘झीनिथ’ अमेरिकन. दोन्ही चालतात, पण एकाच वाक्यात दोन्ही नकोत. ‘पिनॅकल’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, शेवटचं अक्षर जवळजवळ गिळलेलं. कोशात स्पीकरचं चित्र असतं ते दाबा, ऐका, आणि मोठ्याने म्हणा.